देवाचा आवाज आणि भीतीचा आवाज: ओळखायचं कसं?

रात्रीचे साडेदहा वाजले होते. ओटा पुसून झाला होता, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवत होते, तेवढ्यात फोनवर आवाजी निरोप आला. आमच्या प्रार्थनासभेत येणाऱ्या एका बाईंचा. "ताई, प्रभूने मला तुमच्याविषयी दाखवलं. ही नवी नोकरी घेऊ नका. घेतलीत तर तुमच्या मुलावर मोठं संकट आहे. हे कोणाला सांगू नका, पाळकसाहेबांनाही नाही. उद्यापर्यंत ठरवा."

मी तो निरोप सात वेळा ऐकला. मग मुलाच्या खोलीत गेले आणि झोपलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या बाई लबाड नव्हत्या. त्यांनी मनापासून सांगितलं असं मला आजही वाटतं. पण त्याच दिवसांत वर्तमानपत्रं 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्यांनी भरलेली होती. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका, आत्ताच पैसे भरा म्हणतो. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही यावर सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. ती बातमी वाचताना माझ्या हातातला चहा तसाच राहिला. भीती, घाई आणि गुप्तता. खोट्या पोलिसाची ही तिन्ही हत्यारं त्या रात्रीच्या निरोपातही होती. फक्त तिथे नाव देवाचं होतं.

ख्रिस्ती घरांत 'देवाने मला सांगितलं' हे वाक्य सहज येतं. ज्याला ऐकू येत नाही तो खंतावतो, ज्याला येतं तो कधीकधी घाबरतो, आणि दुसऱ्याला आलेलं ऐकून तिसराच माणूस रात्र जागून काढतो. म्हणून हे सगळं मुळापासून मांडून पाहू.

## 'देव बोलतो' म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक वेळा कानाला काहीच ऐकू येत नाही. बायबलमध्ये कानाने ऐकल्याचे प्रसंग आहेत, पण ते मोजके. विश्वासणारी माणसं 'देव बोलला' म्हणतात तेव्हा बहुधा असं घडलेलं असतं: शंभरदा वाचलेलं वचन एके दिवशी अंगावर येतं, प्रार्थनेत एक विचार येतो आणि बाजूला सारला तरी परत येतो, कोणी सहज बोलून जातं आणि ते आपल्यालाच सांगितल्यासारखं लागतं, किंवा एखादी आठवण स्वस्थ बसू देत नाही.

आठवणीवरून पंडिता रमाबाई डोळ्यांसमोर येतात. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. हातात काम भरपूर होतं. पण स्वतःचे आई-वडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते, अन्नावाचून फिरणं काय असतं हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. त्या उठल्या, दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. हे देवाचं बोलावणं आहे असं त्यांनी मानलं. बोलावणं आभाळातून पडलं नव्हतं, त्यांच्याच जुन्या जखमेच्या वाटेने आलं होतं.

आता एकच जड शब्द सांगते, पुढे तोच वापरू: *पारख*. मनात उठलेली हाक देवाकडची आहे, आपल्याच इच्छेची आहे, की आणखी कुठली, हे धीराने तपासणं म्हणजे पारख. थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते बळकट धरा. लागोपाठच्या या ओळी आहेत. ऐकण्याची मोकळीक आणि तपासण्याची जबाबदारी, दोन्ही एका दमात.

## मग भीती आली कुठून?

बायबलमध्ये माणूस देवाचा आवाज ऐकून पहिल्यांदा घाबरतो तो एदेन बागेत. आदाम झाडांआड लपतो. देव त्याला काय म्हणतो? 'तू कोठे आहेस?' शिक्षा नंतर येते, ती मी झाकत नाही. पण पहिला शब्द प्रश्नाचा आहे, आणि तो हरवलेल्या पोराला शोधणाऱ्या बापाचा प्रश्न आहे.

दुसरा मोठा प्रसंग सीनाय पर्वताचा. गडगडाट, विजा, धूर. लोक थरथरत मोशेला म्हणतात, तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरू. मोशेचं उत्तर निर्गमच्या विसाव्या अध्यायात, विसाव्या वचनात आहे. तो म्हणतो, भिऊ नका. देवाचं भय तुमच्यापुढे राहावं आणि तुम्ही पाप करू नये म्हणून तो आला आहे. एकाच वचनात 'भिऊ नका' आणि 'भय' दोन्ही! लहानपणी मला हे कोडं वाटायचं.

ते उलगडलं विहिरीवर. माझ्या आजोळी विहिरीला कठडा नव्हता. मामा आम्हाला पोहायला शिकवताना म्हणायचा, "पाण्याला भ्यायचं नाही, पण पाण्याची कदर ठेवायची." पाण्याला भ्यालेलं पोर पोहायला शिकत नाही आणि कदर न ठेवणारं पोर बुडतं. 'परमेश्वराचं भय' ही ती कदर, तो आदर. त्याने माणूस जपून वागतो, पळून जात नाही. पळवून लावते ती दहशत. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, आणि कारणही दिलं आहे: भीतीत शिक्षेची धास्ती असते.

जाता जाता एक दुरुस्ती. बायबलमध्ये 'भिऊ नको' हे शब्द ३६५ वेळा आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असं व्यासपीठावरून खूपदा सांगितलं जातं. शब्दशः मोजलं तर तो आकडा भरत नाही. भरायची गरजही नाही. जखऱ्याला, मरीयेला, योसेफाला, बेथलेहेमाच्या मेंढपाळांना, देवाचा दूत आला की सुरुवातीलाच 'भिऊ नको' हे शब्द येतात. ऐकणारा दचकणार हे देवाला ठाऊक आहे. तो आधी ती दचक उतरवतो आणि मग निरोप देतो.

माझ्या फोनवरच्या निरोपात आधी भीती होती आणि नंतरही भीतीच होती.

## होरेबची गुहा

या विषयावर एकच अध्याय वाचायचा झाला तर मी १ राजे, अध्याय १९ काढून देईन.

एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहून आलेला माणूस. ईजबेल राणीने उद्यापर्यंत तुला मारीन असा निरोप धाडला आणि हा गडी जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, माझा प्राण घे. आज आपण याला गळून जाणं म्हणू, डॉक्टर कदाचित आणखी नेमकं नाव देतील.

देव त्याच्याशी काय बोलला? आधी काहीच नाही. एलीया झोपला. दूताने त्याला हलवून उठवलं, 'ऊठ, खा' म्हणाला. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा जेवायला घातलं, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही. कोणी त्याला 'तुझा विश्वास कमी पडला' म्हटलं नाही. भुकेल्या, जागरणाने शिणलेल्या माणसाला आधी भाकर आणि झोप मिळाली, शब्द नंतर आले. जागरणात घेतलेल्या निर्णयाला देवाचा निर्णय म्हणण्याआधी मी आता हे आठवते.

चाळीस दिवस-रात्र चालून तो होरेब डोंगरावरच्या गुहेत पोचला. तिथे डोंगर फोडणारा वारा सुटला. वाऱ्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, त्यातही नव्हता. अग्नी आला, त्यातही नव्हता. अग्नीनंतर, आपल्या मराठी बायबलच्या शब्दांत, 'शांत व मंद वाणी'. मूळ हिब्रूत तीन शब्द आहेत, 'कोल देमामा दक्का', आणि त्यांचा शब्दशः अर्थ 'बारीक निःशब्दतेचा आवाज' असा काहीसा होतो. पावसाळी रात्री वीज जाते, पंखा थांबतो आणि एकदम घराची शांतता ऐकू येते, तसं काही.

ते ऐकून एलीयाने झग्याने तोंड झाकलं. हीच ती कदर. आणि गुहेच्या तोंडाशी त्याला पुन्हा प्रश्न ऐकू आला, 'एलीया, तू येथे काय करीत आहेस?' हा प्रश्न त्याला दोनदा विचारला जातो, दोन्ही वेळा एलीया तेच रडगाणं गातो, मीच एकटा उरलो आहे म्हणतो. देव ऐकून घेतो. मग त्याला काम देतो, माणसांची नावं देतो, आणि सांगतो की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. तू एकटा नाहीस.

मला सांगितलं गेलं होतं, 'कोणाला सांगू नका.' मला एकटं पाडलं गेलं होतं. एलीयाला उलट माणसांत पाठवलं गेलं.

## पांप्लोनाचा तोफगोळा

पारखीचं शास्त्र चर्चमध्ये ज्यांनी सर्वात बारकाईने मांडलं, त्यातला एक माणूस मुळात शिपाईगडी होता. स्पेनमधला इग्नेशियस लोयोला. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी महिनोन्महिने पडून राहावं लागलं. वाचायला त्याने शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने तेच वाचत बसला.

पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवायची, कधी संतांसारखं जगायची. दोन्ही रंगवताना मजा यायची. फरक नंतर जाणवायचा. पहिली संपली की मन कोरडं पडायचं, दुसरी संपल्यावरही प्रसन्नपणा टिकून असायचा. त्याने एवढंच टिपून ठेवलं: विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते पाहावं.

भेळ आणि भाकरी. खाताना भेळ जास्त चटकदार लागते. दोन तासांनी पोटाला विचारा.

पुढे याच इग्नेशियसने सोबत्यांसह येशू संघ स्थापला. पोपनी त्याला १५४० मध्ये मान्यता दिली. त्याचा पॅरिसमधला सोबती फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. तेव्हा हे दूरदेशीचं वाटलं तरी त्याचा धागा आपल्या किनाऱ्याला कधीच लागला आहे.

इग्नेशियसच्या नियमांतले तीन मला रोज उपयोगी पडतात.

मन ओसाड असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. घाटात धुकं उतरलं की जाणता ड्रायव्हर गाडी वळवत नाही. दिवे लावतो, वेग कमी करतो, आहे त्या बाजूने पुढे सरकतो. कसाऱ्यात धुक्यात यू-टर्न घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही, पण मनाच्या धुक्यात तेच करतो आणि वर त्याला देवाची इच्छा म्हणतो.

दुसरा नियम गुप्ततेचा. शत्रू, म्हणजे सैतान, हा लफंग्या प्रियकरासारखा असतो, असं इग्नेशियस लिहितो. मुलीला फूस लावतो आणि सगळ्यात जास्त भितो ते तिने बापाला सांगण्याला. सांगितलं की त्याचा डाव संपला. डिजिटल अरेस्टवाला 'घरात कोणाला सांगू नका' का म्हणतो, याचं उत्तर सोळाव्या शतकात लिहून ठेवलेलं आहे.

तिसरा स्पंज आणि दगडाचा. जो माणूस चांगल्या वाटेने चालला आहे, त्याच्या मनात देवाचा स्पर्श स्पंजवर पडलेल्या थेंबासारखा अलगद मुरतो. वाईट प्रेरणा मात्र दगडावर पडणाऱ्या पाण्यासारखी आवाज करत आपटते. या नियमाची दुसरी बाजू थोड्याच वेळात लागणार आहे.

## माठ वाजवून घेणे

तीन रात्री झाल्यावर मी मावशीकडे गेले. मावशीने निरोप एकदाच ऐकला आणि म्हणाली, "अगं, देवाला तुझा पत्ता ठाऊक नाही का?"

हा प्रश्न म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. देव दुसऱ्या माणसामार्फतही बोलतो, बायबलभर बोलला आहे. पण त्या प्रश्नाने माझ्या छातीवरचा धोंडा हलला. मग मावशी म्हणाली, "चल, बाजारात जाऊ. माठ घ्यायचाय."

मार्च महिना होता. कुंभारीण रस्त्याच्या कडेला माठ मांडून बसली होती. मावशीने एक उचलला, डाव्या हातावर तोलला, उजव्या हाताच्या बोटाचं पेर वाकवून टकटक केलं. बद्द आवाज. खाली ठेवला. दुसरा. तो खणखणला, तरी तिने तो फिरवून चार जागी वाजवला, मग आत तोंड घालून उजेडाकडे धरला. कुंभारीण शांत बसून होती. तिला राग आला नाही. चांगला माल विकणाऱ्याला वाजवून घेणाऱ्याचा राग येत नाही. पौलाने 'पारख करा' म्हणताना जो ग्रीक शब्द वापरला तो धातूची, नाण्याची परीक्षा करण्यासाठी वापरला जाई. नाणं खणकन वाजवून घ्यायचं, तसंच.

त्या संध्याकाळी आम्ही निरोप चार बाजूंनी वाजवला.

हे येशूच्या तोंडी शोभेल का? शुभवर्तमानात तो कठोर बोलतो, पण आईला तिच्या लेकराची धमकी देऊन आज्ञा पाळायला लावताना तो कुठेही दिसत नाही.

याने मागे काय ठेवलं? गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, आणि पुढची. माझ्या पदरात तीन रात्रींचं जागरण आणि पोरावर विनाकारण ओरडणं.

हे चारचौघांत सांगता येईल का, आणि थांबून पाहता येईल का? याकोब वरून येणाऱ्या ज्ञानाचे गुण सांगतो तेव्हा ते शांतिप्रिय, सौम्य आणि समजूत घालता येण्याजोगं असतं असं म्हणतो. समजूत घालता येण्याजोगं! म्हणजे ज्याच्याशी बोलता येतं, ज्याला प्रश्न विचारता येतो.

शेवटचं मावशीने काढून दाखवलं, बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातलं. संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराचं वचन नव्हे. तो उर्मटपणे बोलला, त्याला भिऊ नको. हे शेवटचे शब्द तिने बोट ठेवून वाचले.

मी नोकरी घेतली. मुलाला पुढच्याच महिन्यात कांजिण्या आल्या, आणि मी कबूल करते, पहिल्या रात्री तो निरोप पुन्हा आठवला. वर्गातल्या आणखी अकरा मुलांना आल्या होत्या. त्यांच्या आयांनी नोकरी बदलली नव्हती.

## 'पण देव रागावतही असेल ना? सगळं गोड ते देवाचं, असं कसं?'

रास्त शंका आहे. इथे स्पंज आणि दगडाची दुसरी बाजू येते. माणूस वाईटाकडून आणखी वाईटाकडे चालला असेल तर उलट घडतं, असं इग्नेशियस सांगतो. तेव्हा देवाचा आवाजच दगडावर आपटतो आणि मोहाचा आवाज अलगद मुरतो. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला मारवलं आणि निवांत राहिला. नाथान संदेष्टा आला तो गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगत. दावीद संतापला, आणि नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. यात गोड काही नाही.

पण या कठोरपणाची जात पाहा. नाथान समोर उभा राहून बोलला, कानात कुजबुजला नाही. बोट ठेवलं ते नेमक्या कृत्यावर. दावीदाने कबुली देताच क्षमेचा शब्दही सांगितला, परिणाम मात्र लपवले नाहीत. देवाची टोचणी म्हणते, 'हे केलंस, हे नीट कर.' भीतीचा आवाज म्हणतो, 'तू आहेसच तसा, आता काहीतरी होणार.' पहिल्यात दार असतं. दुसऱ्यात नुसत्या भिंती.

काही हळव्या माणसांना ही टोचणी सतत लागते. कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावी लागते. अशा अवस्थेला चर्चमध्ये जे नाव पडलं त्याच्या मुळाशी लॅटिन शब्द आहे 'स्क्रुपुलुस', अर्थ अणकुचीदार बारीक खडा. चपलेत शिरलेला. इग्नेशियस स्वतः मान्रेसा गावी या खड्याने इतका बेजार झाला की जीव द्यावा असे विचार आले. अखेर त्याने ठरवलं, जुनी पापं पुन्हा उगाळायची नाहीत. खडा काढून टाकायचा असतो, त्याच्यावर चालून पुण्य मिळत नाही.

## 'हा आजार तर नाही?'

हा प्रश्न विचारायला लाजू नये. कानाला स्पष्ट आवाज येत असतील, ते थांबत नसतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, झोप-जेवण सुटलं असेल, तर डॉक्टरकडे जायचं, आणि आजच. भारत सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. प्रार्थना चालू ठेवावी. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. एलीयाच्या भाकरीसारखं ते आहे.

मानववंशशास्त्रज्ञ टी. एम. लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून एक अभ्यास केला. सगळेच गंभीर मानसिक आजार असलेले, आवाज ऐकू येणारे. अमेरिकेतल्या रुग्णांचे आवाज बहुधा हिंसक, शिव्या देणारे. अक्रामध्ये अनेकांना देवाचा आवाज येई, आणि तो धीर देणारा असे. चेन्नईत पुष्कळांना नातेवाइकांचे आवाज येत, घरकाम सांगणारे, रागावणारे, सल्ला देणारे. म्हणजे ज्या माणसांत आपण वाढतो त्यांची भाषा आपल्या आतल्या आवाजातही उतरते. मला यातून एक प्रश्न पडतो, रविवारच्या शाळेत शिकवणारी म्हणून. आपण लेकरांच्या कानात कोणत्या स्वरातला देव घालतो आहोत? 'थांब, देव बघतोय, शिक्षा करेल' असा, की 'तू कोठे आहेस' असा?

## 'शास्त्र हातात असताना वेगळा आवाज कशाला?'

अनेक मंडळ्यांची ही ठाम भूमिका आहे आणि तिच्यात वजन आहे. देवाला सांगायचं ते ख्रिस्तात आणि शास्त्रात सांगून झालं. पेन्टेकॉस्टल मंडळी म्हणतील, आत्मा आजही बोलतो. हा वाद जुना आहे. व्यवहारात दोघेही एक गोष्ट मान्य करतात: कुठलाही आवाज शास्त्राच्या मापाने मोजायचा.

फक्त माप नीट धरायला हवं. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, ही सवय आपल्याकडे घराघरांत आहे. यरुशलेमेत मंदिराच्या उंच टोकावर सैतानानेही येशूपुढे वचनच टाकलं होतं, ९१व्या स्तोत्रातलं. येशूने उत्तर दिलं, असाही शास्त्रलेख आहे. एक ओळ उचलून आणणाऱ्याला त्याने दुसरी ओळ दाखवली, म्हणजे पूर्ण शास्त्र उघडं ठेवलं.

आमच्या दौंडकडच्या माळावर धनगरांचे दोन वाडे एका पाणवठ्यावर आले की मेंढरं मिसळतात. परक्याला वाटतं आता झाली पंचाईत. मग एक धनगर हाळी देतो आणि त्याची मेंढरं माना वर करून त्याच्या मागे लागतात. 'माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात' हे येशूचं वाक्य मला तिथे कळलं. मेंढरं आवाजाचं विश्लेषण करत नाहीत. रोज ऐकून कान तयार झालेला असतो. रोज थोडं शुभवर्तमान वाचणं हे उत्तर शोधण्यासाठी नसतं, कान तयार होण्यासाठी असतं.

## 'मला तर काहीच ऐकू येत नाही'

१० सप्टेंबर १९४६. दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत मदर तेरेसांना गरिबांतल्या गरिबांसाठी बाहेर पडण्याचं बोलावणं जाणवलं. त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या नाहीत. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना सांगितलं, कोलकात्याच्या आर्चबिशपांनी थांबायला लावलं, रोमची परवानगी यायला १९४८ उजाडलं. जवळजवळ दोन वर्षं त्यांचा माठ सगळ्यांनी वाजवला.

आणि काम सुरू झाल्यावर? त्यांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की पुढची अनेक दशकं त्यांना आतून देवाची शांतताच अनुभवाला आली, आणि ती त्यांना फार दुखली. तरी सकाळी उठून त्या रस्त्यावरच्या माणसाला उचलायला जात होत्या. ऐकू न येणं ही शिक्षा आहे असं कोणी सांगितलं तर मला या बाईंची आठवण होते.

## 'आणि माझं चुकलं तर?'

सगळ्या भीतीच्या तळाशी हीच भीती असते. देवाने हाक मारली आणि मी ओळखली नाही तर? शमुवेल लहान होता, मंदिरात झोपला होता. हाक आली, तो उठून एली याजकाकडे धावला. एली म्हणाला, मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा. तीनदा चुकला पोरगा. देवाने चौथ्यांदा हाक मारली. चिडून नाही, तेच नाव घेऊन. आणि मधे म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या एलीने त्याला शिकवलं की आता हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे.

पौलासारख्या मुरलेल्या माणसाचंही असंच. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तो आशिया प्रांतात जायला निघतो, आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, पुन्हा अडवणूक. दोन वाटा बंद झाल्यावर तो त्रोवसला समुद्राकाठी येऊन थांबतो. रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा एक माणूस विनवतो, इकडे येऊन आम्हाला मदत कर. सकाळी सगळे मिळून त्यावर विचार करतात. ही हकिगत लिहिणारा लूक म्हणतो की आम्ही असं अनुमान केलं. आम्ही, आणि अनुमान. खातरजमेचा शिक्का कोणाच्याच हातात नव्हता. होतं ते घेऊन त्यांनी गलबत पकडलं.

फिलिप्पैला पोचल्यावर दृष्टान्तातला तो माणूस कुठे भेटल्याचं लूक सांगत नाही. शब्बाथाच्या दिवशी ते वेशीबाहेर नदीकाठी गेले, तिथे काही बाया जमल्या होत्या. त्यांच्याशी बोलत बसले. त्यातल्या एकीने मन लावून ऐकलं, घराचा बाप्तिस्मा झाला आणि तिने पाहुण्यांना आग्रहाने घरी नेलं. लुदिया तिचं नाव. जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण, मूळची थुवतीराची. थुवतीरा आशिया प्रांतातच येतं, जिथे जायला पौलाला मनाई झाली होती.